दिसणारं विमान आणि उडणारं विमान : घरच्या संगणकावरची मोफत विमाने



विमान चालवायला शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा येतो. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हवा असेल तर २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. तो प्रश्न हा लेख सोडवणार नाही. पण विमान का उडतं, कधी उडत नाही, आणि वैमानिकाच्या हातात नेमकं काय असतं, हे समजून घ्यायला मात्र एक बऱ्यापैकी संगणक आणि थोडा धीर एवढं पुरतं. त्यासाठी लागणारा सिम्युलेटर मोफत मिळतो, त्यात घालायची शेकडो विमानंही मोफत मिळतात. फक्त ती कशी निवडायची आणि त्यांचं काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही. मग मुलं काय करतात? एका दुपारी तीस विमानं उतरवून घेतात, प्रत्येक दोन मिनिटं उडवतात, आपटतात आणि कंटाळतात. आज आपण ते टाळायला शिकू.

सिम्युलेटर कोणता?

मी या लेखात ‘फ्लाइटगिअर’बद्दलच बोलणार आहे. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर आणि ‘एक्स-प्लेन’ हे दोन्ही सुंदर आहेत, आणि त्यांच्यासाठीही हौशी मंडळींनी उत्तम मोफत विमानं केली आहेत. मायक्रोसॉफ्टसाठी ‘फ्लायबायवायर’ गटाचं एअरबस ए-३२० आणि एक्स-प्लेनसाठी ‘झिबो’ नावानं ओळखलं जाणारं बोइंग ७३७ ही त्यातली दोन गाजलेली नावं. पण तिथे विमान फुकट असलं तरी मूळ सिम्युलेटर विकत घ्यावा लागतो, आणि तो चालवणारा संगणकही दमदार लागतो. फ्लाइटगिअरची कल्पना १९९६ साली मांडली गेली आणि तेव्हापासून तो स्वयंसेवकांच्या कष्टावर वाढत आला आहे. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीवर चालतो. दृश्याचे पर्याय खाली आणले तर बऱ्याच जुन्या संगणकांवरही धकतो.

फुकट आणि मुक्त

हा फरक आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ‘फुकट’ म्हणजे पैसे न देता मिळालेलं. लग्नाचं जेवण फुकट असतं, पण म्हणून आपल्याला आचाऱ्याची पाककृती मिळत नाही. फ्लाइटगिअर आणि त्याच्या अधिकृत संग्रहातली विमानं ‘जीपीएल’ नावाच्या परवान्याखाली येतात. या परवान्यात जेवणाबरोबर पाककृतीही मिळते. तुम्ही विमानाच्या फाइली उघडून वाचू शकता, बदलू शकता, मित्राला पेनड्राइव्हवर देऊ शकता, शाळेच्या संगणक कक्षातल्या सगळ्या यंत्रांवर टाकू शकता. कुणाला विचारायची गरज नाही. अट एवढीच, की तुम्ही ती पुढे दिलीत तर समोरच्यालाही हेच अधिकार मिळाले पाहिजेत आणि मूळ कर्त्यांची नावं पुसायची नाहीत.

यातून दोन सावधगिरीच्या गोष्टी निघतात. एक, हाच फ्लाइटगिअर वेगळ्या नावाचं चकचकीत वेष्टन घालून पैशाला विकणारे महाभाग जगात आहेत. तेव्हा ‘जगातला सर्वोत्तम सिम्युलेटर, फक्त आज सवलतीत’ असं काही दिसलं तर खिशात हात घालू नका. दोन, विकत मिळणाऱ्या विमानाची कुलूप तोडलेली प्रत म्हणजे ‘मोफत विमान’ नव्हे. ती चोरीच. शिवाय अशा प्रतींबरोबर काय काय संगणकात शिरतं ते सांगायला नको.

विमानाच्या पेटीत काय असतं?

आता मुद्द्यावर येऊ. फ्लाइटगिअरमधलं एक विमान म्हणजे एक फोल्डर. ते उघडा. खरंच उघडा, घाबरू नका. आत साधारण पाच प्रकारच्या गोष्टी सापडतील. विमानाचा त्रिमितीय आकार आणि त्यावर चिकटवलेले रंगाचे कागद, म्हणजे चित्रं. कॉकपिटमधली उपकरणं. इंजिनाचे, चाकांचे आवाज. ‘नॅसल’ नावाच्या छोट्या भाषेत लिहिलेल्या सूचना, ज्यांच्यामुळे दारं उघडतात, दिवे लागतात. आणि एक फाइल, जिच्यात नुसते आकडे आहेत : पंखांचं क्षेत्रफळ, वजन, गुरुत्वमध्य कुठे आहे, इंजिनाची ताकद किती, कुठल्या कोनात पंख किती उचल देतात.

ही आकड्यांची फाइल म्हणजे खरं विमान. संगणक सेकंदाला कित्येक वेळा हे आकडे घेतो, आत्ताचा वेग आणि हवेची घनता बघतो, बलांचा हिशोब करतो आणि विमान किती सरकलं, किती वळलं ते ठरवतो. नंतर त्या जागी चित्र काढतो. म्हणजे पडद्यावर एक विमान दिसतं आणि आकड्यांत दुसरंच विमान उडतं. दोघांची गाठ फक्त बनवणाऱ्याच्या प्रामाणिकपणाने बांधलेली असते!

हे कळलं की मोफत विमानांबद्दलची बरीच कोडी सुटतात. एखादं विमान बाहेरून इतकं देखणं असतं की रिव्हेट मोजता येतील, पण हवेत ते दगडासारखं वागतं किंवा कापसासारखं तरंगतं. एखाद्याचा रंग उडालेला, खिडक्या चौकोनी, पण उडवायला बसलात तर हाताला जिवंत लागतं. पहिल्यात चित्रकार चांगला होता, दुसऱ्यात अभ्यासक.

आकड्यांच्या या फाइलीचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘जेएसबीसिम’ प्रकारात बनवणारा उचल, रोध, वळण यांचे गुणांक तक्त्यांच्या रूपात देतो. खऱ्या विमानाची मोजमापं उपलब्ध असतील तर हा प्रकार फार नेमका ठरतो. ‘यासिम’ प्रकारात तो विमानाची भूमिती देतो, म्हणजे पंख किती लांब, किती रुंद, शेपूट कुठे. शिवाय उतरतानाचा वेग आणि रोजच्या उड्डाणाचा वेग सांगतो. बाकीचं गणित संगणक जुळवून घेतो. ज्या विमानाचे वातबोगद्यातले आकडे मिळतच नाहीत त्यासाठी हा मार्ग सोयीचा. कुठला चांगला, यावर हौशी मंडळी तावातावाने भांडतात. तुम्ही त्यात पडू नका. दोन्हींत उत्तम विमानं आहेत आणि दोन्हींत टाकाऊही.

निवडायचं कसं?

फ्लाइटगिअर सुरू करताना जी खिडकी येते, तिच्यात विमानांची यादी असते. अनेक विमानांपुढे चार गोष्टींचे गुण दिलेले असतात : उड्डाणाचं गणित, यंत्रणा, कॉकपिट आणि बाह्यरूप. प्रत्येकाला शून्य ते पाच. तुमच्या प्रगतिपुस्तकासारखंच समजा. बेरीज बघू नका, पहिला विषय बघा. उड्डाणाच्या गणितात चार-पाच गुण आणि रूपात दोन असलेलं विमान घ्या. उलटं असेल तर फोटो काढायला ठीक. ज्या विमानाला गुणच दिलेले नाहीत ते वाईटच असेल असं नाही, पण पहिल्याच दिवशी त्याच्या नादी लागू नका.

त्याच यादीत विमानापुढचं बटण दाबलं की ते उतरवून घेतलं जातं. दुसरीकडून झिप फाइल आणलीत तर ती उलगडून एका स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवा आणि सिम्युलेटरला त्या फोल्डरची वाट दाखवा. इथे एक बारकावा आहे. झिप उलगडल्यावर फोल्डरच्या नावाला कधीकधी ‘मास्टर’ असं शेपूट चिकटलेलं असतं. ते काढून टाका, कारण विमानाच्या आतल्या फाइली एकमेकींना मूळ नावाने हाका मारत असतात. नाव बदललं की उपकरणं दिसत नाहीत किंवा विमानच उघडत नाही. आणि फ्लाइटगिअरचं विमान म्हणजे फक्त फोल्डर, हे लक्षात ठेवा. ‘हे विमान बसवण्यासाठी आधी हा प्रोग्राम चालवा’ असं कुणी सांगत असेल तर तिथून मुकाट्याने बाहेर पडा.

एक विमान, नीट

फ्लाइटगिअरबरोबर आपोआप येणारं विमान आहे सेस्ना १७२-पी. काही मुलं म्हणतात, ‘हे काय सर, हे तर छोटं आहे!’ बरोबर आहे, चार माणसांचं, एका इंजिनाचं. पण जगात सर्वांत जास्त बनलेलं विमान हेच. १९५६ पासून आजवर ४४ हजारांहून अधिक सेस्ना १७२ तयार झाली आहेत, आणि जगभरातल्या असंख्य वैमानिकांनी पहिले धडे यावरच गिरवले आहेत. शिवाय फ्लाइटगिअरमधली ही सेस्ना स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून इतकी परिपूर्ण केली आहे की विकत घेतलेल्या कित्येक विमानांना ती लाजवेल.

उदाहरणार्थ, तिच्या पर्यायांत जाऊन इंजिनाची सविस्तर पद्धत निवडा. मग नुसती किल्ली फिरवून भागत नाही. इंधनाचं मिश्रण समृद्ध करायचं, प्रायमर ओढून इंजिनात थोडं इंधन आधी पोचवायचं, मग स्टार्टर. उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून बांधलेले दोर सोडायचे, चाकांखालचे अडसर काढायचे, वेग मोजणाऱ्या नळीवरचं टोपण काढायचं. तेल तपासायचं, इंधनात पाणी आहे का बघायचं. टोपण काढायला विसरलात तर विमान पळतं, पण वेगाचा काटा हलत नाही. आता विचार करा, हे सगळं कुणीतरी नोकरीधंदा सांभाळून, रात्री बसून, एक पैसा न घेता लिहिलं आहे.

मेनूत ‘हेल्प’खाली तपासणी-यादी आणि धडे आहेत. धडे इंग्रजीत आहेत पण इंग्रजी सोपं आहे. इंग्रजीच्या तासाला जे येत नाही ते कधीकधी इथे येतं, कारण इथे वाक्य कळलं नाही तर विमान पडतं.

जॉयस्टिक नसेल तरी चालेल. पेज-अप आणि पेज-डाउननं इंजिनाची ताकद कमी-जास्त होते, चौकोनी कंसाच्या कळांनी फ्लॅप खाली-वर होतात, ‘बी’ दाबून ठेवलं की ब्रेक, ‘व्ही’ दाबलं की दृश्य बदलतं. टॅब दाबून माउसलाच दांडा करता येतं. बाणांच्या कळांपेक्षा माउस बरा, कारण कळ एकदम ढकलते आणि माउस हळूच.

धावपट्टीवर ताकद पूर्ण दिली की विमान डावीकडे ओढ घेईल. ही बिघाडाची खूण नाही. पंखा एका दिशेने फिरतो, त्याने ढकललेली हवा मळसूत्रासारखी शेपटीवर आदळते आणि नाक डावीकडे वळतं. उजव्या पायाचा रडर थोडा देऊन ते सरळ ठेवायचं. काटा ५५ नॉटवर आला की दांडा हलकेच मागे. चढताना ७५ नॉटच्या आसपास. हे आकडे वहीत लिहून ठेवा. एका विमानाचे पाच-सहा आकडे पाठ असणारा मुलगा तीस विमानं गोळा करणाऱ्यापेक्षा पुढे असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

भौतिकशास्त्राचा तास, चार हजार फुटांवर

आता खरी मजा. पंखाने दिलेली उचल चार गोष्टींवर अवलंबून असते : हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचं क्षेत्रफळ आणि पंखाचा हवेशी असलेला कोन. वेग कमी झाला की तीच उचल टिकवायला कोन वाढवावा लागतो. पण कोन एका मर्यादेपलीकडे गेला की वरच्या बाजूची हवा पंखाला चिकटून वाहत नाही, सुटते, आणि उचल ढासळते. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडणं म्हणजे स्टॉल नव्हे, हा गैरसमज मोटारसायकलवाल्यांचा.

सेस्ना चार हजार फुटांवर न्या. ताकद पूर्ण कमी करा. उंची टिकवण्यासाठी दांडा हळूहळू मागे ओढत राहा. वेग पडत जाईल, भोंगा वाजू लागेल, विमान थरथरेल आणि नाक खाली जाईल. कोणत्या वेगाला? वहीत लिहा. पूर्ण वजनाला, म्हणजे १,०८९ किलोला आणि फ्लॅप वर असताना, खऱ्या १७२-पीच्या वेगदर्शकावर हिरवा पट्टा ४४ नॉटपासून सुरू होतो. बाहेर यायचं असेल तर आधी दांडा पुढे, मग ताकद. भीतीने दांडा आणखी मागे ओढला तर विमान आणखी पडतं. हे वाचून कळत नाही, दोनदा पडल्यावर कळतं. आणि इथे पडलं तर कुणाला लागत नाही.

मग मेनूत जाऊन इंधन कमी करा, मागचे प्रवासी उतरवा, वजन ८०० किलोच्या आसपास आणा आणि पुन्हा तेच करा. त्याआधी कागदावर उत्तर काढा. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ८०० भागिले १,०८९ म्हणजे सुमारे ०.७३५. त्याचं वर्गमूळ ०.८५७. त्याला ४४ ने गुणलं की ३८ च्या जवळ येतं. आता काटा बघा. अगदी नेमका आकडा जुळेलच असं नाही, पण बदल त्याच दिशेने आणि साधारण तेवढाच दिसला पाहिजे. वर्गमूळ कशासाठी शिकायचं, असं विचारणाऱ्यांसाठी मी हा प्रयोग राखून ठेवला आहे.

तिसरा प्रयोग फक्त मुक्त विमानातच करता येतो. सेस्नाच्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या जागी काढून ठेवा, म्हणजे मूळ सुरक्षित राहील. मग आकड्यांची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीलाच ‘विंगएरिया’ हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढे १७४ हा आकडा दिसेल. हे पंखांचं क्षेत्रफळ, चौरस फुटांत. ते निम्मं करा, ८७. फाइल साठवा, सिम्युलेटर पुन्हा सुरू करा.

बाहेरून बघा. काहीच बदललेलं नाही. तेच अकरा मीटर रुंदीचे पंख, तोच रंग. आता धावा. ५५ नॉटला दांडा ओढा. विमान उठत नाही. धावत राहतं, धावत राहतं. गणिताने उत्तर काढा : क्षेत्रफळ निम्मं, तर स्टॉलचा वेग दोनच्या वर्गमुळाने वाढणार. ४४ चे ६२. वळायलाही ते सुस्त झालेलं असेल, कारण बाकीची बलंही याच आकड्याने गुणली जातात.

पडद्यावरचे पंख लांबलचक आणि विमान मात्र जमिनीला खिळलेलं. दिसणारं विमान आणि उडणारं विमान वेगळं असतं असं मी वर म्हटलं ते याच्यासाठी. विकतच्या कितीतरी विमानांत ही फाइल कुलूपबंद असते. तिथे तुम्ही प्रवासी, इथे तुम्ही अभियंता. (प्रयोग झाला की आकडा परत १७४ करा, नाहीतर धाकटी बहीण उडवायला बसेल आणि तुमच्या नावाने शंख करेल.)

मग दुसरं कुठलं?

सेस्ना हाताखाली आली की पुढची विमानं अशी निवडा की प्रत्येक काहीतरी नवं शिकवेल.

पायपर जे-३ कब घ्या. शेपटीला चाक असलेलं, ६५ अश्वशक्तीचं. जमिनीवर असताना नाक वर असतं म्हणून समोरचं दिसत नाही, आणि एकटा वैमानिक बसतो तो मागच्या आसनावर! सरळ धावणं हीच परीक्षा.

एएसके-२१ हे ग्लायडर. इंजिनच नाही. विंचने किंवा दुसऱ्या विमानाने ओढून वर न्यायचं. फ्लाइटगिअरमध्ये डोंगरावर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्याचाही हिशोब होतो. पश्चिमेचा जोरदार वारा लावा आणि ग्लायडर सह्याद्रीच्या धारेला समांतर, कड्याच्या कोकणाकडच्या अंगाला धरून फिरवा. घारी हेच करतात. इथले कडे जरा गोलसर वाटतील. उंचीचे आकडे उपग्रह-रडारच्या मोजणीतून घेतलेले आहेत आणि त्यातल्या दोन बिंदूंमध्ये साधारण ९० मीटरचं अंतर असतं, त्यामुळे उभी भिंत उतारासारखी होते.

राइट बंधूंचं १९०३ चं ‘फ्लायर’ही मिळतं. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्याचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं झालं, आणि त्याच दिवसाचं सर्वांत लांब ५९ सेकंदांचं. ते उडवायला घेतलंत की पहिला अर्धा तास तुम्हाला तेवढंही जमणार नाही. नाक वर-खाली करणारी पाती पुढे आहेत, आणि विमान स्वभावतःच अस्थिर आहे. सायकलचं दुकान चालवणाऱ्या दोन भावांनी काय साधलं होतं ते मग समजतं.

कॉनकॉर्ड आहे, स्पेस शटल आहे. दोन्ही अफाट तपशिलाने केलेली. कॉनकॉर्डमध्ये ध्वनीचा वेग ओलांडताना उचलीचं केंद्र मागे सरकतं, म्हणून टाक्यांमधलं इंधन मागे पंप करून तोल सांभाळतात. हे दहावीनंतर बघा, हरकत नाही. आणि ‘यूएफओ’ नावाची एक तबकडीही आहे. तिला कुठलंच वायुगतिशास्त्र लागू नाही, हवी तिथे थांबते, हवी तशी पळते. भूगोलासाठी ती फार उपयोगी. सह्याद्रीची रांग, खाड्या, नद्यांची मुखं बघत किनाऱ्याने हिंडायला यासारखं वाहन नाही.

एक लांबचा प्रवास

हात बसला की एक मोठं उड्डाण करा. माझी शिफारस आहे कराची ते जुहू.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाची पोती घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि मुंबईत जुहूला उतरले. विमान होतं ‘डी हॅविलंड पस मॉथ’, एका इंजिनाचं, ताशी शंभर मैलांच्या आसपास चालणारं. तिथून पुढे मद्रासपर्यंत ते नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी नेलं. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते असं सांगतात. टाटांच्या नियमित हवाई टपालसेवेची ही सुरुवात. पुढे १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, जेआरडींनी हाच प्रवास ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून पुन्हा केला.

पस मॉथ नसलं म्हणून अडत नाही. तुमची सेस्ना ९० नॉटवर चालवा, वेग जवळपास तोच होतो. कराची ते अहमदाबाद सुमारे ६०० किलोमीटर, तिथून जुहू सुमारे ४४०. म्हणजे ताशी १६७ किलोमीटरने एकूण सहा तासांहून थोडं जास्त. शनिवार-रविवारात विभागून घ्या. टाकीतलं इंधन एका दमात पुरणार नाही, तेव्हा अहमदाबादला उतरावंच लागेल. नकाशावर आधी रेघ मारा, दिशा मोजा, दर वीस मिनिटांनी कुठे असायला हवं ते लिहा. जीपीएस बंद. त्यांच्याकडे कुठे होतं?

पहिल्या टप्प्यात सिंधू नदीचा त्रिभुज प्रदेश आणि कच्छचं रण लागतं. खाली खुणेला काही नाही, नुसतं सपाट. इथे होकायंत्र आणि घड्याळ एवढ्यावरच भिस्त. दुसरा टप्पा सोपा आहे. अहमदाबादहून जवळजवळ सरळ दक्षिणेला निघा आणि समुद्र उजव्या हाताला ठेवा. मही, नर्मदा, तापी यांची मुखं एकामागून एक येतील. नद्या मोजत जा. दमणच्या पुढे किनारा अगदी जवळ येतो, मग वैतरणा, मग वसईची खाडी. खाडी ओलांडली की उंची कमी करायला लागा.

इथे डोळे उघडे ठेवा. मुंबईत तुम्हाला दोन विमानतळ दिसतील, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर, आणि दोन्हींच्या मुख्य धावपट्ट्या जवळपास एकाच दिशेच्या : मोठ्याची ०९-२७, जुहूची ०८-२६. फसगत होणं अगदी सोपं आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं एक डीसी-८ जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं आणि पट्टी संपली तरी थांबलं नाही. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. तुमची चूक झालीच तर ती उलटी होईल, मोठ्या पट्टीवर छोटं विमान. जुहू पश्चिमेकडचं, समुद्राला लागून. आखूड पट्टीचं. पश्चिमेचा वारा असेल तर २६ घ्या, म्हणजे शहरावरून येऊन समुद्राकडे तोंड करून उतराल. फ्लॅप पूर्ण, वेग ६५ नॉटच्या खाली-वर, आणि पट्टीचा आकडा खिडकीत एका जागी स्थिर दिसत राहील असं विमान धरा. चाकं टेकल्यावर नाक एकदम खाली टाकू नका, ते आपोआप येऊ द्या. मग ब्रेक.